ताऊंगचे मूल

(शाळेच्या विज्ञान सप्ताहात मुलांसमोर केलेले भाषण)

मुलांनो,

आज येताना मी पिशवीतून तीन वस्तू आणल्या आहेत. एक नारळ, एक काठी आणि स्वेटर विणायची एक सुई. "बाई आज स्वयंपाक शिकवणार की विणकाम?" असे तुमच्या मनात आले असेल. यांपैकी काहीच नाही. आज मी तुम्हांला एका लहान मुलाची गोष्ट सांगणार आहे. ही गोष्ट खरी आहे.

या मुलाचे नाव कोणालाच ठाऊक नाही. तो मुलगा होता की मुलगी, हेही ठाऊक नाही. तीन-चार वर्षांचे असतानाच ते गेले. त्याला आता २५ लाखांहून अधिक वर्षे झाली. तरीही त्याचा चेहरा आज आपल्याला पाहता येतो. त्याचे इवलेसे दात मोजता येतात. आणि या एवढ्याशा मुलामुळे जगातल्या मोठमोठ्या विद्वानांमध्ये बावीस वर्षे वाद चालला!

२५ लाख वर्षे म्हणजे किती, हे आधी नीट समजून घेऊ या. तुमचे आजोबा तुम्हांला सांगत असतील, "माझ्या आजोबांचे वडील कोकणातून जहाजात बसून मॉरिशसला आले." त्याला शंभर-दीडशे वर्षे झाली. शंभर वर्षांत साधारण चार पिढ्या होतात. म्हणजे हजार वर्षांत चाळीस पिढ्या, आणि २५ लाख वर्षांत एक लाख पिढ्या! समजा, प्रत्येक पिढीतल्या एकाने येऊन हात धरून रांगेत उभे राहायचे ठरवले. एकेकाला एक मीटर जागा दिली, तर ही रांग शंभर किलोमीटर लांब होईल. आपल्या बेटाची लांबी सुमारे ६५ किलोमीटर. उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत रांग लावली, तरी पुष्कळ माणसे उरतील. रांगेच्या या टोकाला तुम्ही उभे आहात. त्या टोकाला कोण उभे असेल? त्याच्या काळातले हे मूल.

आता तुम्ही विचाराल, "इतक्या जुन्या काळचे आपल्याला कळते तरी कसे? तेव्हा तर लिहिणारे कोणी नव्हते."

बरोबर आहे. लिहिणारे कोणी नव्हते, पण हाडे होती. हाडे साक्ष देतात. आपल्या बेटावरचेच उदाहरण घ्या. डोडो पक्षी सतराव्या शतकातच नाहीसा झाला. पुढे काही लोक म्हणू लागले, "असा पक्षी कधी नव्हताच. ही खलाशांची थाप आहे." माएबूरच्या एका शाळेत जॉर्ज क्लार्क नावाचे शिक्षक होते. ते कितीतरी वर्षे डोडोची हाडे शोधत होते. शेवटी १८६५ साली मार ओ सोंजच्या दलदलीत त्यांना ती सापडली. दलदलीच्या पाण्यात उतरून माणसांनी पायांनी चाचपत चाचपत ती हाडे वर काढली. मग कोणी थाप म्हणेना! आज पोर्ट लुईच्या संग्रहालयात डोडोचा सांगाडा उभा आहे.

पण आपल्या बेटावर फार पूर्वीच्या माणसांची हाडे सापडत नाहीत. कारण माणूस इथे वस्तीला आला, त्याला चारशे वर्षेसुद्धा झालेली नाहीत. त्यासाठी आपल्याला समुद्र ओलांडून आफ्रिका खंडात जावे लागेल.

दक्षिण आफ्रिकेत ताऊंग नावाचे गाव आहे. तिथल्या त्स्वाना लोकांच्या भाषेत 'ताऊ' म्हणजे सिंह. ताऊंग म्हणजे सिंहाची जागा. या गावाजवळ चुनखडीची एक खाण होती. कामगार सुरुंग लावून खडक फोडत आणि चुनखडी बाहेर काढत. कधी कधी खडकातून लहान कवट्या निघत. त्या बबून जातीच्या माकडांच्या असत. त्या साध्या हाडांच्या कवट्या नव्हत्या. त्या दगड झाल्या होत्या.

हाडाचा दगड कसा होतो? एखादा प्राणी मरतो. त्याच्यावर माती, वाळू साचते. पाणी झिरपत राहते. त्या पाण्यातली खनिजे हळूहळू हाडात शिरतात आणि हाड दगडासारखे कठीण होते. त्याचा आकार मात्र जसाच्या तसा राहतो. याला जीवाश्म म्हणतात. सगळ्याच हाडांचे जीवाश्म होत नाहीत. पुष्कळशी हाडे कुजतात, फुटतात, मातीत मिसळून जातात. म्हणून जीवाश्म सापडणे ही मोठी भाग्याची गोष्ट असते.

त्या वेळी जोहान्सबर्ग शहरातल्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात रेमंड डार्ट नावाचे प्राध्यापक होते. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. वय अवघे एकतीस. ते शरीररचनाशास्त्र शिकवत, म्हणजे शरीरात कोणते हाड कुठे असते, मेंदू कसा असतो, हे शिकवत. जोसेफीन सॅल्मन्स ही त्यांची विद्यार्थिनी. १९२४ साली तिने एका ओळखीच्या घरी एक दगडी कवटी पाहिली. ती ताऊंगच्या खाणीतली होती. तिने ती आणून प्राध्यापकांना दाखवली. ती होती बबूनची. डार्ट यांना वाटले, जिथे एक सापडली तिथे आणखीही काही सापडेल. त्यांनी खाणीतल्या लोकांना निरोप धाडला, "असे दगड सापडले, तर फेकू नका. माझ्याकडे पाठवा."

पाहा हं! त्या मुलीने पाहिले आणि सोडून दिले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

काही दिवसांनी डार्ट यांच्या घरी दोन लाकडी पेट्या आल्या. पण त्या दिवशी त्यांच्या घरात एका मित्राचे लग्न होते! डार्ट यांनी पुढे स्वतःच हा प्रसंग लिहून ठेवला आहे. ते लग्नासाठी कपडे करत होते. पाहुणे यायची वेळ झाली होती. पण त्यांना धीर कुठला? त्यांनी पेट्या उघडल्या. पहिल्या पेटीत विशेष काही नव्हते. दुसऱ्या पेटीत मात्र अगदी वरच एक गोलसर दगड होता. तो पाहून ते थबकले. तो मेंदूच्या आकाराचा होता.

मेंदू तर मऊ असतो. तो टिकला कसा? मेंदू टिकला नव्हता. कवटी रिकामी झाल्यावर तिच्यात चुन्याची वाळू भरली गेली आणि ती घट्ट होऊन तिचा दगड झाला. पावाच्या साच्यात पीठ ओतले की पाव साच्याचा आकार घेतो ना, तसेच. कवटीच्या साच्यात मेंदूचा आकार तयार झाला होता. त्यावर मेंदूच्या वळ्यासुद्धा दिसत होत्या. हा मेंदू बबूनच्या मेंदूपेक्षा कितीतरी मोठा होता.

मग याचा चेहरा कुठे आहे? डार्ट यांनी पेटीतले दगड भराभर उलटेपालटे केले. एका दगडाला खळगा होता. मेंदूचा दगड त्या खळग्यात बरोबर बसला! चेहरा त्या दगडाच्या आत दडलेला होता. इकडे नवरदेव त्यांची बाही ओढत होता, "अरे, चल ना! लग्नाची वेळ झाली!" डार्ट यांनी ते दगड कपाटात ठेवून कुलूप लावले आणि लग्नाला उभे राहिले. त्यांचे लक्ष लग्नात किती असेल, ते तुम्हीच सांगा!

आता या सुईची गोष्ट. दगडातून नाजूक हाड सोडवणे फार अवघड काम. जोरात हातोडी मारली, तर हाडाचाच चुरा व्हायचा. असे काम करायची हत्यारे डार्ट यांच्याजवळ नव्हती. त्यांनी बायकोच्या विणायच्या सुया घेतल्या. त्यांना धार लावली. त्या सुयांनी ते दगडाचा एकेक कण टोकरून काढू लागले. दिवस गेले, आठवडे गेले. शेवटी दगड सुटला आणि समोर एक चेहरा आला. लहान मुलाचा चेहरा!

आता तुम्ही म्हणाल, "बाई, ते लहान मूल होते, हे डार्ट यांना कसे कळले?" तुमच्यापैकी कोणाचा दात हलतो आहे? हात वर करा पाहू! बरेच आहेत. हे तुमचे दुधाचे दात. ते पडतात आणि पक्के दात येतात. पण दुधाचे दात पडायला लागतात, त्याच सुमारास त्यांच्या मागे पहिली पक्की दाढ उगवते. ताऊंगच्या कवटीत सगळे दुधाचे दात होते आणि पहिल्या पक्क्या दाढा नुकत्याच वर येत होत्या. आपल्याला ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. म्हणून डार्ट यांनी ठरवले की हे मूल सहा वर्षांचे असावे. पुढे दातांचा अधिक बारकाईने अभ्यास झाला. तेव्हा कळले की त्या काळची मुले आपल्यापेक्षा लवकर वाढत. म्हणून आता त्याचे वय तीन-चार वर्षे धरतात.

आणखी एक गोष्ट. वानरांचे सुळे मोठे आणि टोकदार असतात. या मुलाचे सुळे लहान होते, तुमच्यासारखे.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. त्यासाठी मी नारळ आणि काठी आणली आहे. इकडे लक्ष द्या. हा नारळ म्हणजे डोके आणि ही काठी म्हणजे पाठीचा कणा. कवटीला खालून एक मोठे छिद्र असते. त्यातून मेंदूकडून येणारी मज्जारज्जू, म्हणजे नसांची जाड दोरी, पाठीच्या कण्यात उतरते. आता मी नारळ काठीच्या टोकावर बरोबर मधोमध ठेवते. पाहा, तोल राहिला. आपण दोन पायांवर सरळ उभे राहतो. आपले डोके कण्यावर असे तोललेले असते. म्हणून आपले छिद्र कवटीच्या तळाशी, मध्याजवळ असते. कुत्रा चार पायांवर चालतो. त्याचे डोके कण्याच्या पुढे असते. म्हणून त्याच्या कवटीचे छिद्र मागच्या बाजूला असते. चिंपांझीचेही छिद्र आपल्यापेक्षा बरेच मागे असते.

ताऊंगच्या मुलाचे छिद्र कुठे होते? कवटीच्या खाली, पुढच्या बाजूला!

डार्ट यांच्या ध्यानात आले की हे मूल दोन पायांवर चालत होते. मेंदू लहान, वानराएवढा. पण चाल माणसासारखी. असा प्राणी यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. त्यांनी त्याला नाव दिले, ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानस. नाव मोठे आहे, पण अर्थ सोपा आहे : आफ्रिकेतला दक्षिणेकडचा वानर. ७ फेब्रुवारी १९२५ रोजी त्यांचा लेख इंग्लंडच्या 'नेचर' या प्रसिद्ध विज्ञान नियतकालिकात छापून आला. माणसाचे पूर्वज आफ्रिकेत राहत होते आणि ते वानर व माणूस यांच्या मधले होते, असे त्यांनी सांगितले.

तुम्हांला वाटेल, आता सगळ्यांनी डार्ट यांना शाबासकी दिली असेल. तसे झाले नाही. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, पण मोठे मोठे विद्वान मान हलवू लागले. "हे तर वानराचे पिल्लू आहे," असे ते म्हणाले. सर आर्थर कीथ हे त्या काळचे फार मोठे शास्त्रज्ञ. त्यांनाही डार्ट यांचे म्हणणे पटले नाही.

विद्वानांचा एक मुद्दा अगदी योग्य होता, बरे का! वानराचे पिल्लू लहानपणी माणसासारखे दिसते. मोठे झाल्यावर त्याचा चेहरा बदलतो. मग एका लहान मुलाच्या कवटीवरून मोठी माणसे कशी दिसत असतील, ते कसे सांगणार? "मोठ्या माणसाची कवटी आणून दाखवा," असे कोणी म्हटले, तर त्यात चूक काय?

पण दुसरे कारण तितकेसे योग्य नव्हते. विद्वानांनी आधीच मनाशी ठरवून टाकले होते की माणसाचा मेंदू आधी मोठा झाला आणि बाकीचे बदल मागाहून झाले. याला पुरावा होता पिल्टडाउनचा. १९१२ साली इंग्लंडमध्ये पिल्टडाउन या गावी एक कवटी सापडल्याचे जाहीर झाले होते. तिचा मेंदू माणसाएवढा मोठा होता आणि जबडा वानराचा होता. विद्वानांना हवे होते तसेच हे होते! शिवाय ती त्यांच्याच देशात सापडली होती. मग दूरच्या आफ्रिकेतल्या खाणीतले हे मूल कोण मानणार?

१९३१ साली डार्ट ती कवटी घेऊन लंडनला गेले. पण तोपर्यंत चीनमध्ये प्राचीन माणसाच्या कवट्या सापडल्या होत्या आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे होते. याच वेळी एक गंमत झाली. गंमत कसली, संकटच! डार्ट यांच्या पत्नी डोरा कवटीची पेटी घेऊन टॅक्सीत बसल्या आणि उतरताना पेटी टॅक्सीतच राहिली! टॅक्सीवाल्याला पेटी सापडली. त्याने ती पोलिसांकडे नेऊन दिली. आत कवटी पाहून त्याला काय वाटले असेल, देव जाणे! पण कवटी सुखरूप परत मिळाली. त्या टॅक्सीवाल्याचेही आपण आभार मानले पाहिजेत.

डार्ट निराश होऊन जोहान्सबर्गला परतले. ते कोणाशी भांडत बसले नाहीत. आपले म्हणणे त्यांनी मागेही घेतले नाही. ते विद्यापीठात मुलांना शिकवत राहिले.

पण एक माणूस असा होता, ज्याला डार्ट यांचे म्हणणे पहिल्या दिवसापासून पटले होते. त्यांचे नाव रॉबर्ट ब्रूम. हे स्कॉटलंडचे डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेत येऊन रोगी तपासायचे आणि जीवाश्म शोधायचे, असे त्यांचे दुहेरी काम चाले. १९२५ साली लेख छापून आल्यावर ते तडक डार्ट यांच्या प्रयोगशाळेत आले. मेजावर ती छोटी कवटी होती. हे गृहस्थ तिच्यासमोर गुडघे टेकून बसले. आपल्या पूर्वजाला नमस्कारच केला म्हणा ना!

ब्रूम यांनी ठरवले, विद्वान मोठ्या माणसाची कवटी मागतात ना? मग ती शोधू या. त्यांनी १९३६ साली जोहान्सबर्गजवळच्या स्टर्कफाँटेनच्या गुहांमध्ये शोध सुरू केला. तेव्हा ते सत्तरीला आले होते. त्याच वर्षी त्यांना प्रौढ कवटीचे तुकडे सापडले. मग आणखी सापडत गेले. १९४७ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांना जवळजवळ संपूर्ण प्रौढ कवटी सापडली. लोकांनी लाडाने तिचे नाव ठेवले, मिसेस प्लेस. त्याच वर्षी तिथे कमरेचे हाडही मिळाले. दोन पायांवर चालणाऱ्याचे कमरेचे हाड वेगळे असते. हे हाड तसेच होते. आता शंका घ्यायला जागाच उरली नाही. ताऊंगच्या मुलाच्या कुळातली मोठी माणसेच जणू त्याच्या बाजूने साक्ष द्यायला आली होती.

यानंतर जे झाले, ते मला या गोष्टीत सर्वांत आवडते. सर आर्थर कीथ आता एक्याऐंशी वर्षांचे झाले होते. ते गप्प बसले असते, तरी त्यांना कोणी जाब विचारला नसता. पण १९४७ साली त्यांनी 'नेचर'मध्येच पत्र लिहिले. डार्ट बरोबर होते आणि आपण चुकलो होतो, असे त्यांनी सगळ्या जगासमोर मान्य केले. मुलांनो, वर्गात आपले उत्तर चुकले, तर ते कबूल करायला आपल्याला किती जड जाते! मग बावीस वर्षांची चूक कबूल करायला मन केवढे मोठे लागत असेल!

आणि पिल्टडाउनचे काय झाले? १९५३ साली शास्त्रज्ञांनी त्या हाडांची नीट तपासणी केली. ती सगळी लबाडी निघाली! कवटी माणसाची होती आणि जबडा ओरँगउटान या वानराचा. दात कानशीने घासले होते. हाडे जुनी दिसावीत म्हणून त्यांना रंग दिला होता. एकेचाळीस वर्षे मोठमोठी माणसे फसली. का फसली? कारण त्यांना जे पाहायचे होते, तेच समोर होते. म्हणून त्यांनी नीट तपासलेच नाही.

पण डार्ट यांचे तरी सगळे बरोबर होते का? नाही. ताऊंगला मुलाच्या कवटीबरोबर बबूनची आणि इतर लहान प्राण्यांची हाडे सापडली होती. डार्ट यांना वाटले, या पूर्वजांनी त्या प्राण्यांची शिकार केली असेल. पुढे काही शास्त्रज्ञांना दिसले की या हाडांवरच्या खुणा मोठ्या गरुडाच्या नखांसारख्या आणि चोचीसारख्या आहेत. आफ्रिकेत आजही असे गरुड आहेत. ते माकडे उचलून नेतात. २००६ साली या मुलाच्या डोळ्यांच्या खोबणीतही तशाच खुणा दिसल्या. म्हणजे हे मूल शिकाऱ्याचे नव्हते, तेच शिकार झाले होते. त्या दिवशी त्याच्या आईने त्याला किती शोधले असेल! तिचे दुःख कोणत्याही हाडावर उमटलेले नाही. पण ते आपल्याला समजते, हो ना?

हाडे तीच राहिली. ती बदलली नाहीत. बदलले ते आपले वाचन. आधी वाचणाऱ्याने काही बरोबर वाचले, काही चुकीचे. नंतर येणाऱ्याने ते दुरुस्त केले. यालाच विज्ञान म्हणतात.

डार्ट पंचाण्णव वर्षे जगले आणि १९८८ साली वारले. आपले म्हणणे खरे ठरलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले. नंतर आफ्रिकेत आणखी कितीतरी शोध लागले. १९७४ साली इथिओपियात एका स्त्रीचा सांगाडा सापडला. ती सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिला 'लूसी' म्हणतात. १९७८ साली टांझानियात लेटोली इथे मेरी लीकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चक्क पावलांचे ठसे सापडले. आपले बेट ज्वालामुखीतून तयार झाले, हे तुम्हांला ठाऊकच आहे. तिथेही एक ज्वालामुखी होता. त्याची राख पडली, ती पावसाने भिजली आणि तिच्यावरून कोणी दोन पायांवर चालत गेले. राख सुकून दगड झाली. ३६ लाख वर्षे ते ठसे तसेच राहिले. सगळे पुरावे एकच सांगतात : आपले पूर्वज आधी दोन पायांवर चालले, मेंदू मोठा झाला तो त्यानंतर. त्या चिमुकल्या कवटीनेही हेच सांगितले होते.

आपण नेमके ताऊंगच्या मुलाच्या जातीतून आलो, की तिच्या जवळच्या दुसऱ्या एखाद्या जातीतून, याचा अभ्यास अजून चालू आहे. कदाचित तुमच्यापैकीच कोणी पुढे जाऊन हे शोधून काढील. पण माणसाचे पहिले घर आफ्रिका, हे आता सगळे शास्त्रज्ञ मानतात. आपल्या वर्गाबाहेर पाहा. या देशात कोणाचे पणजोबा कोकणातून आले, कोणाचे बिहारमधून, कोणाचे तमिळ देशातून, कोणाचे चीनमधून, कोणाचे फ्रान्समधून, कोणाचे मादागास्करहून किंवा आफ्रिकेतून. प्रत्येकाची रांग वेगवेगळ्या वाटेने आली. पण मागे मागे जात राहिले, तर सगळ्या रांगा आफ्रिकेतच एक होतात. तिथे आपण सगळे एकाच घरचे.

आता घरी गेल्यावर एक काम करा. मानेच्या मागे, केसांच्या खाली हात लावून पाहा. कवटी आणि मान जिथे जुळतात, ती जागा बोटांनी चाचपा. सरळ उभे राहा. तुमचे डोके कण्यावर कसे तोललेले आहे, ते जाणवेल. असेच डोके तोलून ते मूलही चालत होते. मग हा नारळाचा प्रयोग आपल्या आईवडिलांना करून दाखवा आणि त्यांना ही गोष्ट सांगा. सांगताना एखादी गोष्ट चुकलीच, तर दुसऱ्या दिवशी "काल माझे चुकले" असे म्हणून ती सुधारा. त्यात लाज कसली? सर आर्थर कीथ यांनी तेच केले!

बरे, आता हा नारळ फोडू या आणि सगळे मिळून खाऊ या.